शतावरीसाठी धानाची बांधी मोडू नका

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याला गेल्या काही वर्षांत एक सल्ला चहूबाजूंनी ऐकू येतो. कृषी मेळाव्याच्या मंडपात, मोबाइलवरच्या व्हिडिओत, रोपं विकणाऱ्या एजंटाच्या तोंडी, आणि अधूनमधून एखाद्या साहेबांच्या भाषणातही. सल्ला असा की धानात आता काही उरलं नाही, शतावरी लावा. तुमच्याच जंगलातली वनस्पती, तिला ना खत लागतं ना फवारणी. काटेरी असल्यानं जनावर तोंड लावत नाही. एकदा लावली की दीड-दोन वर्षांनी एकरी चार-पाच लाख कुठे गेले नाहीत. शिवाय पुण्य वेगळंच, कारण शेतात पिकायला लागली की जंगलातली कुणी खणणार नाही आणि जंगल आपोआप वाचेल.

एका दमात तीन दावे केले आहेत. एक शेतीचा, एक पैशाचा आणि एक जंगलाचा. तिन्ही सुटे करून तपासले तर त्यातला एकही या दोन जिल्ह्यांच्या मातीत धड उभा राहत नाही. सल्ला चुकला तर सल्लागाराचं काही जात नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार. जातं ते दोन-तीन एकरांच्या धनी असलेल्या माणसाचं. म्हणून हा प्रतिवाद जरा सविस्तर करायला हवा.

आधी शेतीचा दावा घेऊ. शतावरी आपल्या जंगलातली आहे, हे खरंच. पण जंगलात ती नेमकी कुठे असते हे पाहिलं की बांधीत तिचं काय होईल ते कळतं. ती दिसते बांबूच्या रांजीच्या कडेला, टेकडीच्या उतारावर, झुडपांच्या अर्ध्या सावलीत. पायाखाली कुजलेल्या पाल्याचा थर, माती भुसभुशीत, आणि पडलेलं पाणी तासाभरात वाहून जाणारं. वेल वाकड्या काट्यांनी झुडपाला धरून माणसाच्या डोक्यावर चढतो. सुईसारखी हिरवीगार पानं आपण म्हणतो, ती खरं तर बारीक फांद्या असतात. पावसाळा सरताना पांढरी, वासाची फुलं येतात, मग लाल फळं आणि त्यात काळं, कडक बी. उन्हाळ्यात वरचा वेल वाळतो, वणवा लागला तर जळूनही जातो. खाली मातीत गड्डा आणि त्याला लटकलेल्या मांसल मुळ्या मात्र जिवंत असतात, आणि मृगाच्या सरींबरोबर त्यातून जाड कोंब वर येतात. त्या कोंबांची भाजी जंगलाशेजारच्या घरांत पावसाच्या तोंडी होते.

धानाची बांधी याच्या नेमकी उलट. रोवण्यासाठी वर्षानुवर्षं चिखल करून तिचा तळ मुद्दाम घट्ट केलेला असतो, कारण तिथे पाणी मुरायलाच नको असतं. भोवती धुरा, वर बोडी किंवा मामा (माजी मालगुजारी) तलाव, आणि सालाचा पाऊस सव्वा-दीड हजार मिलिमीटरच्या घरात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून आरमोरी-वडसापर्यंत पिढ्यांनी ही जमीन पाणी धरून ठेवण्यासाठी घडवली. तिथे निचरा मागणारं पीक घालायचं म्हणजे आधी धुरा फोडायचा, सऱ्या-वरंबे काढायचे, चर खणायचे. एवढं करूनही कन्हार, म्हणजे भारी चिकण, मातीत श्रावणाची झड आठ दिवस लागली की मांसल मुळी कुजायला वेळ लागत नाही. आणि मोडलेली बांधी पुन्हा धानाजोगी करायची तर मागच्या पिढीचे कष्ट नव्यानं उपसावे लागतात. हा खर्च कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं: मग बर्डीवर, म्हणजे उंचवट्यावरच्या जमिनीत, लावा. बर्डीवर निचरा आहे, कबूल. पण बर्डीची माती उथळ आणि मुरमाड. तिथे मुळी लांबत नाही, फुगत नाही. आणि माघापासून मृगापर्यंत तिथे पाणी नाही. शतावरी रानात उन्हाळा काढते म्हणून शेतातही पाण्यावाचून काढेल, असं म्हणता येतं; पण रानातली शतावरी तग धरण्यासाठी जगते, व्यापाऱ्याला वजन देण्यासाठी नाही. वजन हवं तर उन्हाळ्यात पाळीनं पाणी द्यावं लागतं. या पट्ट्यातली अडचण अशी की जिथे माती मानवते तिथे पाणी नाही, आणि जिथे पाणी आहे तिथे माती मानवत नाही. सिहारासारख्या हलक्या जमिनीचा विहिरीजवळचा तुकडा असेल तर गोष्ट वेगळी. पण असा तुकडा किती जणांकडे आहे, आणि ज्यांच्याकडे आहे ते त्यावर भाजीपाला काढून दर आठवड्याच्या बाजाराला हाती पैसा करतच नाहीत का?

‘फारशी देखभाल लागत नाही’ हे वाक्यही असंच. शतावरीचं बी कडक कवचाचं, रात्रभर भिजवून गादीवाफ्यावर टाकलं तरी उगवायला तीन आठवडे लागतात आणि सगळं उगवत नाही. दीड महिन्याचं रोप वरंब्यावर लावायचं. पहिल्या पावसाळ्यात ते इतकं नाजूक असतं की दोन-तीन निंदण झाल्याशिवाय गवत त्याला वर येऊ देत नाही, आणि निंदणाचे दिवस नेमके रोवण्याचे दिवस, जेव्हा गावात मजूर शोधून सापडत नाही. वेलाला आधाराची काठी लागते. आधार नसला तर वेल जमिनीवर लोळतो, एकमेकांत गुंततो, आणि मग निंदणाऱ्या बायांचे हात काट्यांनी फाटतात. जनावर वेलाला तोंड लावत नाही हे खरं. पण साळिंदर आणि रानडुक्कर यांना वेलात रस नसतो, त्यांना मातीखालच्या मऊ मुळीचा पत्ता लागतो. ज्या गावात डुकरांपायी लोक रात्री मचाणावर बसून धान राखतात, त्या गावाला राखण लागणार नाही असं सांगणारा माणूस त्या गावात रात्री कधी थांबलेला नसतो.

आता पैशाचा दावा. ‘एकरी चार-पाच लाख’ हा आकडा हवेतला नाही. तो कसा निघतो ते मांडून पाहू, आणि मांडताना सगळी गृहीतकं शतावरीच्या बाजूनं धरू. दोन फुटांवर रोप धरलं तर एकरात सुमारे 11,000 रोपं बसतात. एकही मेलं नाही असं समजू. रोप पाच रुपयांना मिळालं असं समजू, झाले 55,000. दीड-पावणेदोन वर्षांनी झाडामागे दोन किलो ओली मुळी निघाली असं समजू. झाली 22,000 किलो. मुळीत बहुतांश पाणीच असतं, वाळून दहावा भाग उरला असं धरू. झाली 2,200 किलो. किलोला 200 रुपये भाव मिळाला असं समजू. आले 4,40,000. हाच तो चार-पाच लाखांचा आकडा.

पण ओली मुळी आणि वाळलेली मुळी यांच्या मध्ये एक काम असतं, आणि ते काम व्हिडिओत दिसत नाही. मुळी बोटाएवढी जाड, पांढरट, रसाळ. ती पाण्यात उकळून किंवा वाफवून घेतली की साल सैल होते. ती नखानं धरून लांबीभर ओढून काढायची. मग मुळीच्या पोटात दोऱ्यासारखा एक चिवट धागा असतो, तो एका टोकाला पकडून सबंध खेचून काढायचा. धागा राहिला तर वाळलेली मुळी काटकीसारखी ताठ होते. साल राहिली तर आत ओल धरते, बुरशी चढते, आणि व्यापारी पोत्यात हात घालून चार मुळ्या मोडून बघतो व भाव निम्म्यावर आणतो. एकेक मुळी, एकेक धागा. एका बाईनं दिवसभर बसून 20 किलो मुळी सोलली असं उदार मनानं धरू. 22,000 किलोला 1,100 दिवसांची मजुरी लागते. दिवसाला 300 रुपये धरले तर 3,30,000.

आता वजाबाकी करा. 4,40,000 मधून सोलणीचे 3,30,000 आणि रोपांचे 55,000 गेले. उरले 55,000. त्यातून जमीन तयार करणं, काठ्या, दोन पावसाळ्यांची निंदणं, उन्हाळ्याचं पाणी, खोल खणणी, उकळायला जळण, पोती आणि गाडीभाडं. काळ पावणेदोन वर्षांचा. भाव 200 वरून 150 वर आला तर येणारी सगळी रक्कम 3,30,000, म्हणजे नेमकी सोलणीची मजुरी. रोपांचे पैसे घरातून घालायचे. हे सगळं एकही रोप मेलं नाही, पाणी साचलं नाही आणि डुक्कर आलं नाही, या हिशेबानं. यंत्रानं सोलता येईल म्हणत असाल तर ते यंत्र तालुक्यात कुठे आहे ते आधी दाखवा. आणि ‘घरची माणसं सोलतील’ म्हणत असाल, तर घरची माणसं म्हणजे घरच्या बाया, आणि त्यांच्या 1,100 दिवसांची किंमत शून्य धरल्याशिवाय तुमचा नफा उभा राहत नाही, एवढं तरी स्पष्ट बोला.

धानानं कुणी श्रीमंत होत नाही, हे मलाही मान्य. खरेदी केंद्रावरचे हेलपाटे, चुकाऱ्याची वाट, हे काही लपलेलं नाही. पण धानाला निदान जाहीर झालेला भाव आहे. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये ठरला. गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळाचं खरेदी केंद्र कुठे आहे हे लहान पोरालाही माहीत असतं. सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे, वाण आहेत, रोगावर सल्ला द्यायला माणूस आहे. तणीस बैलांना होते. आणि काहीच विकलं गेलं नाही तर धान घरात खाता येतो. पोत्यात भरलेली दोन टन शतावरी विकली गेली नाही तर तिचं करायचं काय? दोन पावसाळे तिला ओल लागली नाही तरच ती शतावरी राहते.

यावर मोठ्या आत्मविश्वासानं सांगतात की कंपनी करारानं घेणार आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे वाक्य नवं नाही. या शतकाच्या सुरुवातीला सफेद मुसळीचं असंच वारं सुटलं होतं. त्यानंतर कोरफड आली, मग बायोडिझेलच्या नावानं जट्रोफा, मग इमू, आणि 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांचं सांगली भागातलं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. पीक दर वेळी निराळं, रचना एकच. पहिल्या वर्षी लावणाऱ्यांना खरोखर पैसा मिळतो. पण तो औषधाच्या बाजारातून येत नाही; तो बेण्यातून, रोपांतून, पिल्लांतून येतो. पहिल्यानं दुसऱ्याला बेणं विकायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ज्या दिवशी लावणारे संपतात त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या बाजाराशी गाठ पडते, आणि तेव्हा एजंटाचा फोन लागत नाही. मुसळीच्या वेळी तर बेण्याला भाव आल्यानं रानातले कंदही खणले गेले. म्हणजे जी लागवड जंगल वाचवणार होती तिनंच आधी जंगलात कुदळ घातली. शतावरीचं रोप बियांपासूनही होतं आणि रानातल्या गड्ड्याचे तुकडे करूनही होतं. दुसरा मार्ग झटपट आहे. उद्या गावोगाव एकरांनी लावायला रोपं हवी झाली, तर रोपवाटिकावाला कोणता मार्ग धरेल हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे तिसरा दावा येतो, आणि प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच. जंगलातली शतावरी कमी होते आहे, हे कोण नाकारेल? मागणी प्रचंड आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळानं 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशात 1,178 औषधी वनस्पतींचा व्यापार होतो असं नोंदवलं आहे, आणि त्यातल्या 242 अशा आहेत की त्यांची उलाढाल वर्षाला 100 टनांच्या वर जाते. शतावरी त्या दुसऱ्या यादीतली. बाळंतिणीच्या कल्पापासून दुभत्या जनावराच्या पावडरीपर्यंत तिला गिऱ्हाईक आहे. मुळीसाठी खणलं की झाड जातं. पान-फळ तोडण्यासारखी ही गोष्ट नाही. मग शेतात लावण्यावाचून पर्याय काय, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालाला सर्पगंधेचा दाखला जोडतात, तोही घेऊ. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं केलं. जगभरातून मुळीला मागणी आली, देशभरची रानं उकरली गेली, आणि अखेर 1990 मध्ये तिचं नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत गेलं. पाहा, म्हणतात, जंगलातून खणलं की असं होतं.

पण हा दाखला नीट वाचा. तेव्हा जंगल कुणाच्या ताब्यात होतं? शेजारच्या गावाच्या ताब्यात नक्कीच नव्हतं. खणणारा रोजंदारीवर, नेणारा ठेकेदार, परवाना देणारं खातं दूर. पुढच्या वर्षी त्याच जागी मुळी मिळावी अशी ज्याला गरज होती त्याला बोलायचा अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला पुढच्या वर्षाची फिकीर नव्हती. अशा व्यवस्थेत राखून खणणारा माणूस मूर्ख ठरतो, कारण त्यानं राखलेली मुळी उद्या दुसरा नेतो. सर्पगंधा त्या व्यवस्थेनं खाल्ली. आणि ती व्यवस्था न बदलता शेजारी चार एकर लागवड केली तर उकरणं थांबत नाही. शेतातली मुळी मजुरी घालून तयार होते आणि रानातली फुकट, मग व्यापारी आधी कोणती उचलेल?

आज ती व्यवस्था कायद्यानं बदलली आहे, आणि नेमकी याच दोन जिल्ह्यांत ती सगळ्यात जास्त बदलली आहे, हे शतावरी-शेतीच्या प्रचारकांना माहीत नाही की सांगायचं नाही? 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळं आणि कंद स्पष्ट शब्दांत आहेत, आणि त्यांची मालकी, गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनहक्कधारकांचा आहे. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमानं जंगल, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूच्या वाहतुकीचा परवाना गावाच्या हाती देऊन गेले. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजारावर गावांना असे हक्क मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 मध्ये हक्क मिळाला. त्या गावानं बांबूवर कमाई केली, पण तेंदूपान तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात. हातचं रोख उत्पन्न जंगलासाठी सोडणारं गाव शतावरीचा खड्डा बुजवणार नाही असं मानायला आधार काय?

आणि मुळीसाठी खणलं की झाड जातंच, हेही अर्धसत्य आहे. घाईचा माणूस वेल धरतो, सगळा गड्डा उपटतो आणि खड्डा तसाच टाकून पुढे जातो. तिथे झाड संपलं. जाणता माणूस थंडी लागल्यावर, फळं पिकल्यावर येतो. वेलाच्या एका अंगानं माती उकरतो, जाड झालेल्या मुळ्या बोटांनी चाचपून बुडाशी तोडतो, मधला गड्डा आणि कोवळ्या मुळ्यांचा घोस हलू देत नाही. माती परत लोटतो, पायानं दाबतो, आणि वेलावरची फळं चुरडून तिथेच पसरतो. दोन-तीन पावसाळे त्या जागेला हात लावायचा नाही एवढं पाळलं की त्याच गड्ड्याला पुन्हा मुळ्या धरतात. या दोन माणसांत फरक ज्ञानाचा कमी आणि खात्रीचा जास्त आहे. उद्याही ही जागा आपलीच आहे, ही खात्री पहिल्याला नसते.

लागवडीच्या या हाकाटीमागे आणखी एक गोष्ट दडली आहे, तिच्याकडे ग्रामसभांनी डोळे उघडून पाहावं. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार जैवसंपत्ती व्यापारासाठी वापरणाऱ्यानं स्थानिक लोकांना लाभाचा वाटा द्यायचा असतो. देशी कंपन्यांना हे लागू नाही असा युक्तिवाद झाला, तेव्हा उत्तराखंड उच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात तो फेटाळला आणि देशी कंपनीलाही वाटा द्यावा लागेल असं ठरवलं. त्यानंतर 2023 मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली, आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना यातून सूट मिळाली. आता विचार करा. रानातली मुळी घेतली तर गावाला वाटा द्यायचा, शेतातली घेतली तर नाही. पोत्यातल्या सोललेल्या मुळीकडे बघून ती रानातली की शेतातली हे कुणाला ओळखता येणार? गावात चार एकर लागवड कागदावर असली की तिच्या नावावर चाळीस एकरांचा माल जाऊ शकतो. माल लागवडीचाच असल्याचा दाखला स्थानिक जैवविविधता समितीच्या नोंदीवर अवलंबून असतो, आणि किती गावांतल्या समित्या सहीच्या कागदापलीकडे जिवंत आहेत हे राज्य मंडळाला नागपुरात बसूनही दिसत असेल. ज्या सवलतीनं साध्या शेतकऱ्याचा त्रास वाचायचा, तिच्या आडून ग्रामसभेचा हक्क गेला तर त्याला जंगल वाचवणं म्हणायचं का?

प्रतिपक्षाचे दोन मुद्दे मात्र रास्त आहेत, ते मान्य केलेच पाहिजेत. पहिला वाघाचा. सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला गेलेल्या बाया मारल्या जातात. मुळी खणायची म्हणजे झुडपात खाली वाकून, पाठ उघडी टाकून तासभर बसायचं. ‘रानातून आणा’ असं शहरात बसून लिहिणं सोपं आहे. दुसरा मुद्दा मालाच्या खातरीचा. बाजारात शतावरीच्या नावाखाली तिच्या भावंडांच्या मुळ्याही मिसळतात; ओळखीच्या बियांपासून घेतलेलं पीक तेवढ्यापुरतं निर्धोक. हे दोन्ही मुद्दे लागवडीच्या बाजूचे आहेत. पण त्यातून एकर-एकर बांधी मोडण्याची शिफारस निघत नाही. त्यातून निघते ती सांदवाडीतली लागवड.

घरामागच्या सांदवाडीत, जिथे न्हाणीचं पाणी जातं पण साचत नाही, कुंपणाच्या कडेनं तीस-चाळीस रोपं. कुंपणच आधार होतं, काठ्या लागत नाहीत. काट्यांमुळे कुंपणाला बळकटी येते. झाडाखालची अर्धी सावली मिळते. निंदणाला मजूर लागत नाही, मुळी एकदम काढावी लागत नाही. भाव पडला तर मातीत राहू द्यायची, पुढच्या हिवाळ्यात ती आणखी भरते. एका वेळी दोन-चार झाडांची मुळी सोलणं घरच्या कामात बसतं. घरातल्या बाळंतिणीला आणि गाभण गाईला लागणारी मुळी रानात न जाता मिळते. उरलेली विकायची. यात कुणी लखपती होणार नाही, पण कुणी बुडणारही नाही. आणि बी आपल्याच रानातल्या वेलांचं, ते रोप इथल्या पावसाला सरावलेलं.

सांदवाडीच्या पुढे खरं क्षेत्र आहे ते सामूहिक वनहक्काचं जंगल. बांबू फुलोऱ्यावर येऊन मेलेल्या रांज्यांच्या जागा, ठेकेदारीत उजाड झालेले उतार, वणव्यानं झुडपं गेलेले पट्टे, तिथे ग्रामसभेनं रोपं लावावीत. रोपवाटिका गावातच, मजुरी रोजगार हमीतून. ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात हे काम बसतं. जंगलाचे तीन-चार भाग पाडून दर वर्षी एकाच भागात, तेही फळ पिकल्यावरच खणणी. खणायला गटानं जायचं, ठरलेल्या दिवशी, म्हणजे वाघाची भीतीही कमी. सोलायला आणि वाळवायला एक सामाईक छपरी. विक्री ग्रामसभेच्या नावानं, आगाऊ रक्कम घेऊन. तेंदूच्या लिलावात ठेकेदारांनी पैसे थकवल्याचा अनुभव पुरेसा कडू आहे, तो इथे दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही.

सगळ्या ग्रामसभा मेंढा-लेखा नाहीत, असं लगेच ऐकू येईल. नाहीतच. काही ठिकाणी भांडणं आहेत, काही ठिकाणी हिशेब धड नाहीत, काही ठिकाणी पट्टा कपाटात पडून आहे. पण यावरचा उपाय ग्रामसभेला बळ देणं हा आहे. ती दुबळी आहे म्हणून तिला वगळून एकेकट्या शेतकऱ्याला एजंटाच्या समोर उभं करायचं, हा कुठला उपाय? ज्या गावाला हजार-दीड हजार हेक्टर जंगलाचा आराखडा सांभाळता येत नाही असं तुम्ही म्हणता, त्या गावातल्या एकट्या माणसाला पावणेदोन वर्षांचा करार, भावाची चढउतार आणि कंपनीचा वकील मात्र सांभाळता येईल?

तेव्हा लागवडीच्या प्रचारकांना सरळ सांगणं आहे. शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीवर हक्क सांगायचा असेल तर आधी तीन गोष्टी कागदावर आणा. खरेदीचा भाव मराठीत लिहिलेल्या करारात, आणि त्यातली निम्मी रक्कम लागवडीच्या दिवशी बँकेत. सोलणी-वाळवणीचं यंत्र तालुक्यात बसवून, चालू करून दाखवलेलं. आणि रोपं कुठल्या बियांची, ते बी कुणाच्या रानातलं, आणि त्या गावाला त्याचा मोबदला मिळाला का, याचा ग्रामसभेच्या सहीचा दाखला. ज्याला स्वतःच्या आकड्यावर विश्वास आहे त्याला यातलं काहीच जड नाही. जो यातली एकही अट मानत नाही, त्याला शेतकऱ्यानं चहा पाजावा आणि रस्ता दाखवावा. कृषी खात्यानं आणि आदिवासी विकास विभागानंही असल्या मेळाव्यांना मंडप देण्याआधी हेच तीन कागद मागावेत. शतावरी या जिल्ह्यांची आहे, ती इथे टिकेल आणि इथल्या माणसाला चार पैसेही देईल. फक्त तिचा हिशेब एजंटानं नव्हे, ग्रामसभेनं मांडायचा आहे.